दाखवायला नेलं की चालू!

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "चालतंय की!"

घरी तीन दिवस ढिम्म बसलेला मिक्सर दुकानदाराने प्लग लावल्याबरोबर गुरगुरायला लागतो. तो आपल्याकडे बघतो, आपण मिक्सरकडे बघतो, आणि मग ते वाक्य येतं. त्या शेवटच्या 'की'मध्ये सगळं आलं.. थोडी गंमत, थोडी कीव, आणि 'उगाच आलात' हा न बोललेला शेरा. डॉक्टरसमोर बसलं की थांबणारा खोकला आणि गॅरेजच्या दारात गेलं की बंद होणारा गाडीचा आवाज, ही सगळी याच घराण्यातली मंडळी.

यंत्रांचे बिघाड दोन जातींचे असतात. एक कायमचा. जळलं, तुटलं, संपलं. हा सोपा. भाग बदलायचा, पैसे द्यायचे, घरी यायचं. दुसरा येऊन-जाऊन असणारा. हा अवघड, कारण ज्याला तो दुरुस्त करायचा आहे त्याला तो दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लॅपटॉपची स्क्रीन हा या दुसऱ्या जातीचा अगदी अस्सल नमुना. काम करता करता काळी होते, तासाभराने आपोआप लागते, आणि दुकानात नेईपर्यंत नव्यासारखी झालेली असते.

गेला पावसाळाभर अशीच एक स्क्रीन माझ्या डोक्यात होती. तिच्या निमित्ताने या जातीच्या बिघाडांचा इतिहास वाचत गेलो आणि एक गोष्ट ठळकपणे दिसली. असा दोष एखाद्या कारागिराच्या हुशारीने सापडतो, असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा तो सापडतो, कारण कुणीतरी तक्रार खरी मानली आणि ती वहीत लिहून ठेवली. याचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्या कोयनेच्या खोऱ्यात आहे. तिथे येतोच. पण सुरुवात आधीच्या एका स्टेशनापासून करतो.

सांगलीहून रेल्वेने साताऱ्याकडे निघालं की भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी करत गाडी कराडला येते. कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. ही वाडी ओगले बंधूंच्या काच कारखान्यामुळे वसली, १९१६ साली. पाठीशी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्याआधी सहा वर्षं, १९१० मध्ये, याच पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपली वाडी वसवली होती. किर्लोस्करांनी शेतकऱ्याला लोखंडी नांगर दिला, ओगल्यांनी घराघरांत 'प्रभाकर' कंदील दिला. माझ्या आजीच्या घरी वीज आल्यावरही कितीतरी वर्षं तो खुंटीला होता. वीज जायची ना!

कंदिलाची रचना आठवून बघा. खाली रॉकेलची टाकी, तिच्यात बुडालेली वात, वात वर-खाली करायची चावी, आणि भोवती काच. संध्याकाळ झाली की राख आणि फडकं घेऊन काच पुसायची. उजेड कमी झाला तर कारणं ठरलेली. काजळी, तेल, वात किंवा वारा. चारही डोळ्यांना दिसणारी.

येणारा-जाणारा दोष कंदिलातही होता. रॉकेलमध्ये कधी थोडं पाणी असायचं. पाणी जड, ते टाकीच्या तळाशी बसायचं. टाकी भरलेली असेपर्यंत कंदील झकास जळायचा. तेल कमी होत आलं की वात पाण्याला टेकायची आणि ज्योत तडतडायला लागायची. पुन्हा तेल घातलं की तडतड बंद! म्हणजे दोष 'आपोआप' बरा. पण आजीच्या पिढीला त्यात गूढ काही वाटलं नाही. टाकी काढायची, ओतून बघायची, तळाला पाणी दिसायचं. दोष लपला तरी तो लपण्याची जागा एकच होती, आणि तिथे हात पोचत होता.

लॅपटॉपची स्क्रीन हीसुद्धा शेवटी काचेमागचा दिवाच आहे. फरक एवढाच की दोष लपायच्या जागा अमाप वाढल्या.

याची गोष्ट १८८८ मध्ये प्राग शहरात सुरू होते. फ्रीडरिख राइनिट्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होता. त्याला दिसलं की हा पदार्थ दोनदा वितळतो. १४५ अंशांना वितळून गढूळ होतो आणि १७८ अंशांच्या आसपास एकदम नितळ. मधल्या गढूळ अवस्थेत तो वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. म्हणून नाव पडलं द्रव-स्फटिक. पुढे ऐंशी वर्षं या शोधाचा रोजच्या व्यवहारात फारसा उपयोग नव्हता. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विजेच्या दाबाने दिसणारे-लपणारे आकडे करून दाखवले, आणि घड्याळं, कॅल्क्युलेटर, मग लॅपटॉप असा प्रवास सुरू झाला. यात आपलाही वाटा आहे बरं का. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधले. बाजूने बघितल्यावर स्क्रीन फिकी दिसू नये म्हणून पुढे जी फिल्म वापरात आली, तिच्यात त्या जातीचे रेणू आहेत.

पण द्रव-स्फटिकाला स्वतःचा उजेड नाही. तो फक्त झडप. उजेड मागून यावा लागतो. जुन्या लॅपटॉपमध्ये मागे दोन-तीन मिलिमीटर जाडीची ट्यूबलाइट असायची आणि ती पेटवायला काही शे व्होल्टचा दाब तयार करणारी छोटी पट्टी. २०१० च्या सुमारास ही नळी जाऊन एलईडी आले. या दिव्याची वीज आणि चित्राचे संदेश खालच्या मदरबोर्डवरून वर स्क्रीनकडे जातात ते बिजागरीतून, केसासारख्या बारीक तारांच्या जुडग्यातून. लॅपटॉप उघडला-मिटला की हे जुडगं वाकतं. दिवसातून चार वेळा धरलं तरी वर्षात हजारावर वेळा. त्यातली एखादी तार आत तुटते, पण वरच्या आवरणामुळे टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. स्क्रीन एका कोनात लागते, दुसऱ्या कोनात जाते.

शिवाय सांधे आहेत. दमट हवेत संपर्काच्या टोकांवर बारीक थर चढतो, जरा हलवलं की खरवडून निघतो. चिप तापते, निवते, डाखात न दिसणारी चीर पडते. तापली की उघडते, निवली की मिटते. अंगात साठलेल्या स्थिर विजेनेही मशीन अडून बसतं. म्हणून तर दुकानदार बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरतात, आणि कित्येकदा तेवढ्यावर काम होतं. मग लोक म्हणतात, नुसता हात लावला आणि सुरू झाला..

आता माझ्या डोक्यातली स्क्रीन. ती माझ्या ताईची. ताई साताऱ्यात असते आणि घरी बसून मराठी टायपिंगचं काम घेते. प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिकांचे मजकूर. लॅपटॉप बंद म्हणजे त्या दिवशीची कमाई बंद, इतका सरळ हिशेब. जूनमध्ये स्क्रीन जायला लागली. काम चालू असताना फट्कन काळी. मागे लावलेली गाणी मात्र चालूच. कधी पाच मिनिटांत यायची, कधी दोन तासांनी.

तीन वेळा ती दुकानात गेली. तिन्ही वेळा तिथे स्क्रीन व्यवस्थित. "चालतंय की ताई." तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, पॅनेलच बदलून टाका, कटकट नको. साडेसहा हजार. घरी भाऊजी म्हणाले, तुझ्याच हातून काहीतरी बटण दाबलं जात असेल. मग ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे सांगलीला आली, दोन दिवस राहिली. दोन्ही दिवस स्क्रीन एकदाही गेली नाही. जाताना एसटी स्टँडवर ती मला म्हणाली, "अरे, मला वेड लागलंय असं वाटायला लागलंय सगळ्यांना." साडेसहा हजारांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

तिला मी फोनवर तीन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, स्क्रीन गेली की खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी स्क्रीनवर तिरकी मारायची. पुसट चित्र दिसलं तर झडप ठीक आहे, मागचा दिवा गेलाय. दुसरी, एचडीएमआयची वायर घरच्या टीव्हीला लावायची. टीव्हीवर चित्र आलं तर मशीन आतून शाबूत, भानगड स्क्रीनकडच्या वाटेवर. तिसरी, एक वही करायची. प्रत्येक वेळी वार, वेळ, पाऊस होता की ऊन, मशीन कुठे ठेवलं होतं, चार्जर लावलेला होता का, कुणाचं काम चालू होतं आणि टेबलावर आणखी काय होतं, हे सगळं लिहायचं. शेवटच्या रकान्यावर ती हसली. "वरण-भात पण लिहू का?" म्हटलं, लिही.

बॅटरीच्या उजेडात काहीच दिसलं नाही. टीव्हीवर चित्र आलं. बिजागरी पुढे-मागे करून फरक पडत नव्हता. म्हणजे दिवा नाही, तार नाही, तरी स्क्रीन काळी. जणू मशीनला कुणीतरी स्क्रीन बंद ठेव असं सांगतंय.

तीन आठवड्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या. पावसाचा रकाना निरुपयोगी ठरला. सहा वेळा पाऊस, पाच वेळा नाही. चार्जरचंही तसंच. पण वेळेचा रकाना बोलका होता. सगळ्या नोंदी सकाळी अकरा ते दुपारी चारमधल्या. रात्री एकही नाही, आणि ताई काम तर रात्री जास्त करते. शेवटच्या रकान्यात चहाचा कप कधी होता, कधी नव्हता. चष्म्याचं घर कधी होतं, कधी नव्हतं. अकराही वेळा होता तो मोबाइल. दिवसा लोक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतात म्हणून मोबाइल कीबोर्डच्या डाव्या कडेला. रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. दुकानात जाताना पर्समध्ये. आणि सांगलीलाही दोन्ही दिवस पर्समध्येच.

मोबाइलचं कव्हर डायरीसारखं मिटणारं होतं, मिटल्यावर घट्ट बसावं म्हणून त्याच्या पाकळीत छोटं लोहचुंबक. लॅपटॉप मिटला की स्क्रीन बंद व्हावी म्हणून वरच्या फ्रेममध्ये एक चुंबक असतं आणि खाली कीबोर्डच्या कडेला ते ओळखणारा सेन्सर. हा सेन्सर चालतो त्या तत्त्वाचा शोध एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग करताना लावला. त्या बिचाऱ्या सेन्सरला चुंबक कुणाचं हे कळत नाही. कव्हर जवळ आलं की तो म्हणतो, झाकण मिटलं. ताईला झाकण मिटूनही गाणी ऐकायची सवय, म्हणून मशीन झोपायचं नाही अशी सेटिंग आधीपासून केलेली. त्यामुळे गाणी चालू, स्क्रीन काळी. तिने मोबाइल कडेला सरकवला, स्क्रीन गेली. उचलला, आली. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तेच. दीडशे रुपयांत साधं कव्हर आलं, विषय संपला.

असो. पण 'आपोआप'ची सगळीच प्रकरणं अशी गोड संपत नाहीत, हे सांगलीकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली, आणि गावभागातल्या किती घरांतली यंत्रं पाण्यात राहिली याची गणती नाही. पाणी ओसरल्यावर गच्च्यांवर ऊन खात पडलेले टीव्ही, मॉनिटर, लॅपटॉप मी स्वतः पाहिलेत. त्यातले काही सुरू झाले. लोकांना केवढा आनंद! आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत ते एकेक करून गेले. पाणी वाळलं होतं, पण पाण्यातले क्षार आणि गाळ सर्किटवर तसेच होते. हवेतल्या ओलीने ते तांबं खात राहिले. स्क्रीन लागली म्हणजे दोष गेला, असं नव्हे. तो तेवढा वेळ दिसत नव्हता, इतकंच.

यंत्रांच्या जगात ही डोकेदुखी जुनी आहे. एडिसनने १८७८ मध्येच एका पत्रात आपल्या यंत्रांतल्या लहानसहान न सापडणाऱ्या दोषांना 'बग' म्हणजे किडा म्हटलंय. मग ९ सप्टेंबर १९४७ ची ती प्रसिद्ध गोष्ट. हार्वर्डच्या मार्क टू या भल्यामोठ्या गणकयंत्राच्या एका रिलेत खराखुरा पतंग सापडला. तो यंत्र चालवणाऱ्यांनी काढला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ग्रेस हॉपरबाई ही गोष्ट पुढे रंगवून सांगत, त्यामुळे शोध त्यांच्याच नावावर गेला. मला त्या पतंगापेक्षा ती वही महत्त्वाची वाटते. यंत्र अडखळलं की तास-मिनिटांसकट लिहायचं, हा तिथला नेम होता. म्हणून तर पतंग आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्या वहीसकट आहे.

आणि विश्वास न ठेवण्याची परंपराही जुनीच. २००७-०८ च्या सुमारास जगभर अनेक लॅपटॉपच्या स्क्रीन मध्येच काळ्या पडायच्या आणि मशीन थंड झाल्यावर परत यायच्या. लोक मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून तापवायचे आणि ते काही दिवस चालायचं! जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या काही चिपांच्या जोडणीतलं साहित्य कमजोर आहे, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. तापण्या-निवण्याने डाख तडकत होते. पुढे ॲपलच्या २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये स्क्रीनची तार झाकण उघडताना ताणली जाऊन झिजायची. सुरुवातीला स्क्रीनच्या तळाशी नाटकाच्या रंगमंचावरच्यासारखे उजेडाचे झोत दिसायचे, मग स्क्रीन पूर्ण जायची. २०१८ च्या मॉडेलमध्ये ती तार दोन मिलिमीटर लांब केलेली आढळली. मे २०१९ मध्ये कंपनीने २०१६ च्या १३ इंची मशीनसाठी मोफत दुरुस्ती सुरू केली. दोन मिलिमीटर! एकेका गिऱ्हाइकाची तक्रार 'तुमच्याच हातून काहीतरी झालं असेल' या खात्यात जाते. शेकडो जणांनी आपापल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की तोच दोष कारखान्याचा ठरतो.

आता कोयना. मघाशी म्हटलं ते उदाहरण हे. इथे बिघाड यंत्राचा नाही, जमिनीचा आहे. पण जात तीच, येऊन-जाऊन असणारी.

पाटण तालुक्यातल्या कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं. त्याच वर्षी पोफळीच्या वीजगृहातून वीजही सुरू झाली. ज्या खोऱ्यात प्रभाकर कंदील जळत होते तिथूनच राज्याला उजेड जायला लागला. आणि पाणी साठायला लागल्यावर थोड्याच दिवसांत आसपासच्या लोकांना हलके धक्के जाणवू लागले, जमिनीखालून गडगड ऐकू यायला लागली. यायची, थांबायची, काही दिवस काही नाही, पुन्हा यायची.

त्या काळची शास्त्रीय समजूत अशी होती की दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही. म्हणजे 'चालतंय की' म्हणायला भक्कम आधार होता. लोकांना भास होतात म्हणून विषय सोडून देता आला असता. तसं केलं नाही, धरणाच्या परिसरात भूकंपमापक बसवले गेले. वही सुरू झाली. धक्क्याची वेळ, जोर आणि केंद्र एका बाजूला, जलाशयातल्या पाण्याची पातळी दुसऱ्या बाजूला.

सप्टेंबर १९६७ मध्ये एक जरा मोठा धक्का बसला. मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ६.३ तीव्रतेचा भूकंप. कोयनानगर झोपेत होतं. जवळपास १८० माणसं गेली, घरं कोसळली. धरणाच्या १०३ मीटर उंच भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली, आणि पुढे मागून टेकू देऊन मजबूत केली गेली. वीज बंद पडली, त्याचा फटका मुंबईपर्यंत बसला.

वही असूनही भूकंप टळला नाही, हे कबूल करायलाच हवं. वहीने भूकंप थांबत नाही. पण वही होती म्हणून नंतरचं सगळं झालं. १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला आणि 'स्थिर' समजलेला हा भाग धोक्याच्या पट्ट्यात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि इतरांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी पाण्याच्या पातळीशी ताडून बघितल्या. दिसलं ते असं. पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतर धक्के वाढतात. पाणी फार झपाट्याने, आठवड्याला १२ मीटर किंवा जास्त चढलं, तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते. पाणी खडकाच्या भेगांत शिरतं, तिथला दाब वाढतो, आणि आधीच ताणाखाली असलेली भेग सरकते. आमच्या सांगली जिल्ह्यात चांदोलीला वारणा धरण १९८५ पासून भरायला लागलं, आणि १९९३ नंतर धक्के दक्षिणेला वारणेच्या बाजूलाही होऊ लागले. तेही वहीत आलं. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ आज कोयनेकडे बघतात, कारण इथे धक्के अजून होतात आणि त्यांची नोंद साठ वर्षांहून जास्त काळाची आहे.

ताईच्या वहीची तुलना कोयनेशी करणं थोडं हास्यास्पद आहे, कळतं मला. पण रीत एकच. पावसाचा रकाना ताईच्या वहीत फुकट गेला, कोयनेच्या वहीत तोच किल्ली ठरला. कुठला रकाना कामाचा हे आधी कळत नाही, म्हणून सगळे भरायचे. आणि भरण्याच्या आधी एक पायरी असते, ती म्हणजे समोरच्याला खोटं न पाडणं. 'चालतंय की' म्हटलं की वही उघडायचं कारणच उरत नाही.

म्हणून घरात कुणी म्हणालं की पंखा मध्येच आवाज करतो, स्क्रीन जाते, गुडघा कधीकधीच दुखतो, तर आधी विचारावं.. केव्हा? कुठे? आजूबाजूला काय होतं? उत्तर लिहून ठेवावं, तारखेसकट. दहा नोंदी होईपर्यंत भाग बदलू नये आणि निकालही देऊ नये.

कराडजवळ हजारमाचीला आता केंद्र सरकारची भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिच्या कामासाठी कोयनेच्या परिसरात गोठणे इथे २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालं, जमीन नेमकी कुठे आणि कशी सरकते हे आतून बघता यावं म्हणून. काचेमागची ज्योत बघून दोष ओळखणारे कंदील जिथे तयार झाले, ती ओगलेवाडी तिथून अगदी जवळ. रेल्वेने जाताना कराड स्टेशनावर गाडी थांबते, तेवढ्या वेळात दोन्ही आठवून होतात.